झोपेत चालणारा माग

भारती निमजे सकाळच्या मेट्रोत बसली की डोळे मिटून घेते. झोपत नाही. अग्रसेन चौकात चढायचं आणि शंकरनगरला उतरायचं, तेवढ्या वाटेत ती आपल्या पेशंटांना मनातल्या मनात एकदा भेटून येते. कोण कुठल्या कुशीवर असेल, कोणाचा चेहरा कालपेक्षा उतरला असेल. सीताबर्डीला डब्यात गर्दी शिरते, कोणाची तरी पिशवी तिच्या गुडघ्याला घासते, तरी ती डोळे उघडत नाही.

गोळीबार चौकाजवळच्या आमच्या गल्लीत सगळे तिला भारतीताई म्हणतात. धरमपेठेच्या बाजूला एका इस्पितळाच्या आयसीयूमध्ये ती सिस्टर आहे. चाळिशी ओलांडलेली, ठेंगणी, पावलांचा आवाज न होऊ देता चालणारी. ही चाल नोकरीने दिली असं लोकांना वाटतं. ती म्हणते, घराने दिली. घरात खड्ड्यात पाय सोडून विणायचा माग होता, दुपारी वडील त्याच्याच कडेला आडवे व्हायचे, आणि त्यांच्या डोक्याशेजारून पाण्याचा तांब्या आणायचा तर पाय कसा टाकायचा हे तिला चालता येऊ लागल्यापासून ठाऊक होतं. तिच्या लहानपणीच माग बंद झाला. वडील एका गोदामात कामाला लागले, खड्डा बुजवून वर फरशी घातली गेली. त्या फरशीवर आता तिच्या आईची, कुसुमावतीबाईंची, खाट आहे.

दोन परक्या देशांच्या आयसीयूंतून ती फिरून आली आहे. तिच्या बोलण्यात मात्र ते देश क्वचित येतात, आणि आले तरी वाळू, समुद्र, बर्फ असं काही येत नाही. तिथे सकाळी पलंगापाशी पहिल्यांदा कोण बोलायचं, एवढंच येतं.

सौदीत दम्मामला पहिल्यांदा कागद बोलायचा. डॉक्टर इजिप्तचे नि सुदानचे, सिस्टर केरळच्या नि फिलिपाइन्सच्या, आणि नागपूरची ती एकटी. प्रत्येकाची इंग्रजी आपापल्या गावची. म्हणून सगळं आकड्यांत ठरवून ठेवलेलं असे. रक्तदाब इतका खाली आला की औषध इतकं वाढवायचं, विचारायला जायचं नाही. चुकायची भीती तिथे कमी होती, ती सांगते, आणि पेशंटचं नावही कमी लागायचं.

आयर्लंडमध्ये, पश्चिम किनाऱ्यावरच्या एका गावात, पहिल्याच आठवड्यात मोठे डॉक्टर तिच्या पेशंटपाशी थांबले आणि तिला विचारलं, तुला काय करावंसं वाटतं? तिने मागे वळून पाहिलं. मागे हात धुवायचं बेसिन होतं. ही गोष्ट सांगताना ती अजून हसते. तिथे एका पेशंटला एक सिस्टर, आणि पलंगापाशी सिस्टरसाठी एक खुर्ची. व्हेंटिलेटरची मदत थोडी कमी करून बघायची, माणूस दमला तर पुन्हा वाढवायची, झोपेचं औषध किती थेंब सोडायचं, हे त्या खुर्चीत बसून सिस्टर स्वतः ठरवायची. बसणं हेच काम होतं. भारतीताईला सुरुवातीला बसवेना. कोणी पाहिलं तर काय म्हणेल, म्हणून ती उगाच चादरीच्या घड्या घालत राहायची.

तिथला एक म्हातारा तिच्या आठवणीत राहिला. गुंगीत असताना तो दोन्ही मुठी आळीपाळीने आवळायचा आणि सोडायचा. भारतीताईला वाटलं, झटका येतोय. शेजारच्या पलंगावरची सिस्टर शेतकऱ्याची मुलगी होती, तिने तिथूनच पाहिलं आणि म्हणाली, अगं, तो गाई दोहतोय. मग कोणीतरी त्याच्या मुठींत टॉवेलच्या गुंडाळ्या दिल्या आणि तो सकाळभर शांतपणे दूध काढत राहिला. त्याचे हात बांधायचा विषय निघाला नाही. भारतीताईला त्या सिस्टरचा हेवा वाटला होता. निर्णय घेता येण्याचा नव्हे, तो तर ती शिकत होतीच. त्या बाईला ते हात ओळखता आले, याचा.

वडील गेले, आई एकटी राहिली, आणि ती नागपूरला परतली. इथे पहिल्यांदा कोण बोलतं, हे सांगणं सोपं नाही. इथे सिस्टर बोलते, पण स्वतःचं बोलत नाही. ‘सर, काल तुम्ही म्हणत होता ना, की हे औषध कमी करून बघू.’ सर काल असं काही म्हणालेले नसतात. सरांनाही ते माहीत असतं. ते ‘हो हो, बघू या’ म्हणतात आणि औषध कमी होतं. निर्णय आपण घ्यायचा आणि हळूच दुसऱ्याच्या खिशात ठेवून द्यायचा. यात तिला कमीपणा वाटत नाही. लग्नाघरी आत्याबाई करतात तसंच ते, ती म्हणते. सगळं त्याच ठरवतात आणि यजमानांना वाटतं, आपण ठरवलं.

खुर्ची तेवढी इथे नाही. एका सिस्टरकडे तीन पलंग असतात, बसणार कुठल्या पलंगापाशी?

*

यंदाच्या चैत्रात भैयाजी तिच्या मधल्या पलंगावर आले. उमरेडचे जुने विणकर. हातमाग थांबल्यावर मुलाकडे मौद्याला राहायला गेलेले. सगळं गाव त्यांना भैयाजी म्हणायचं, मग आयसीयूतही तेच नाव चाललं. न्यूमोनियाने फुफ्फुसं भरली होती. तोंडातून घशात नळी, नळीला व्हेंटिलेटर, आणि दंडातून झोपेचं औषध.

त्या दिवसांत इस्पितळामागच्या सावरीची बोंडं फुटली होती. आयसीयूला एकच खिडकी, तीही न उघडणारी. तिच्या काचेबाहेरून कापसाच्या म्हाताऱ्या तरंगत जायच्या. आत दिवस आहे की रात्र हे दिव्यांवरून कळत नाही, सगळा वेळ पांढरा असतो. खिडकीतून तो कापूस दिसला की वाटायचं, ही खोलीच हळूहळू कुठेतरी चालली आहे आणि आपण आतल्या आत काम करतो आहोत. भीमाबाई, आयसीयूतल्या जुन्या आया, त्याला कंटाळल्या होत्या. म्हणायच्या, एवढ्या काचा बंद आन् तरी माह्या पोछ्यात कापूस कुठून येऊन राहिला देव जाणे.

भैयाजींचं फुफ्फुस निवळत होतं. अडचण वेगळीच होती. आल्या दिवशी झोपेचं औषध उतरताच त्यांचा उजवा हात तोंडातल्या नळीकडे गेला होता. नळी ओढून निघाली तर माणूस काही क्षणांत हातचा जातो, म्हणून त्यांचे दोन्ही हात बँडेजच्या पट्टीने पलंगाच्या कठड्याला बांधले. इथे बांधतातच. पण हात बांधलेले, त्यामुळे औषध उतरलं की ते खेचाखेच करायचे. खेचाखेच केली की नाडी धावायची, म्हणून पुन्हा औषध चढवायचं. आणि औषध चढलेलं असताना ते स्वतःच्या बळावर श्वास घेतात का हे पाहता येत नव्हतं. रोज सकाळी हेच व्हायचं.

आयसीयूचे डॉक्टर गौरांग तरुण आणि सरळ माणूस. त्यांनी भैयाजींच्या मुलाला, वैभवला, दारात उभं करून नीट समजावलं. नळी तोंडात फार दिवस ठेवता येत नाही. उद्या दुपारी गळ्याला छिद्र करून तिथून नळी घालू. वैभव मौद्याच्या वीज केंद्रात कामाला होता. कामाचे जाड बूट काढून, ते हातात धरूनच तो उभा होता. त्याने एकच विचारलं.

“मग बाबा बोलतीन का, सर?”

डॉक्टर म्हणाले, काही दिवस नाही. पुढे बघू. या वयात नक्की सांगता येत नाही.

वैभवने मान हलवली आणि बूट दुसऱ्या हातात घेतले.

भारतीताई तेव्हा मधल्या पलंगापाशी होती. औषध उतरत चाललं होतं आणि चादरीखाली भैयाजींचे पाय हलू लागले होते. आधी डावा दाबला गेला, मग उजवा, मग डावा. बांधलेली उजवी मूठ खाली झटका द्यायची, आणि त्या झटक्यामागोमाग डावा हात छातीकडे यायला बघायचा. पट्टी त्याला येऊ देत नव्हती. झटका, पाय, डावा हात. झटका, पाय, डावा हात. व्हेंटिलेटरचा श्वास वेगळ्या ठेक्यात चालला होता, आणि दोन ठेके एकमेकांना अडवत होते. भारतीताईला क्षणभर घरच्या फरशीखालचा आवाज ऐकू आला. दोरी ओढली की आडवा धागा घेऊन धोटा ताण्यातून पलीकडे जातो, डाव्या हाताने ओढलेली फणी पुढे येऊन ठोकते, पाय खालच्या पावड्या बदलतात. तिला वाटलं, आपल्या पायांतून थरथर येते आहे. घरी माग चालू असला की जमीन अशीच थरथरायची आणि भांड्यांच्या मांडणीवरचे पेले किणकिणायचे.

हे भांडत नव्हते. हे विणत होते.

तिने उजव्या हाताची पट्टी सोडली. हात वर गेला, हवेतली दोरी धरली आणि ओढली. किती हलका झटका होता तो, ती सांगते, मनगटातून, खांद्याला पत्ताही नाही. तिने डावाही सोडला. मॉनिटरवरची नाडी उतरायला लागली. भीमाबाई पोछा थांबवून उभ्या राहिल्या.

“आता वं बाई,” त्या हळूच म्हणाल्या, “काय करून राहिले हे?”

“लुगडं विणून राहिले,” भारतीताई म्हणाली.

थोडा वेळ तसंच चाललं. खिडकीबाहेर म्हाताऱ्या तरंगत होत्या, आत कापड लांब होत होतं. तिने पलीकडच्या पलंगाचं सलाईन बघायला मान वळवली, आणि तेवढ्यात भैयाजी थांबले. उजवा हात सरळ तोंडाकडे गेला. बोटं नळीला अडकली, गालावरची चिकटपट्टी अर्धी उखडली, ते खोकले, यंत्र ओरडायला लागलं. भारतीताईने मनगट पकडलं. भीमाबाईंनी दुसरं धरलं. डॉक्टर गौरांग धावत आले, नळी जागेवर आहे हे पाहिलं, आणि मग विचारलं, हात कोणी सोडले.

ती म्हणाली, मी.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. ते म्हणाले, सिस्टर, तुम्ही जिथून आलात तिथे प्रत्येक पलंगापाशी एक माणूस बसलेला असतो. इथे तुमच्याकडे तीन आहेत. यांच्याकडे बघता बघता त्या बाईंचं सलाईन संपलं असतं तर? यात चुकीचं काहीच नव्हतं. झोपेचं औषध पुन्हा सुरू झालं. पट्टी तिनेच बांधली, आणि गाठ मारताना दोन बोटांची सैल जागा ठेवली, शिकवलेली असते तशी.

*

संध्याकाळी कुसुमावतीबाई दारात तांदूळ निवडत होत्या. लेक आली, पाय धुतले, आणि जेवायला न बसता खाटेखालच्या फरशीकडे बघत बसली, हे त्यांनी पाहिलं. काय झालं म्हणून विचारलं तर भारतीताईने सगळं सांगितलं. उमरेडचे म्हातारे, हवेतला माग, तोंडाकडे गेलेला हात. उद्या त्यांचा गळा कापणार आणि कदाचित त्यांचा आवाज जाणार, हेही. आपल्याला वाटलं होतं ते विणत आहेत, पण मग हात नळीकडे कसा गेला. म्हणजे डॉक्टरांचंच खरं. नळी टोचते म्हणून ते ती उपटायलाच बघतात, आणि विणणं आपल्या मनाचं.

कुसुमावतीबाईंनी सुपातून एक खडा काढून अंगणात टाकला.

“पाय थांबले होते का वं आधी?”

“कोणाचे?”

“त्या बुढ्याचे. कोणाचे म्हंजे? माहे का?”

भारतीताईने आठवून पाहिलं. ती हाताकडे बघत होती, आणि मग तर सलाईनकडे. पाय तिने पाहिले नव्हते. पण सगळंच थांबलं होतं, हे खरं.

कुसुमावतीबाई सूप बाजूला ठेवून बोलू लागल्या. पाय थांबले की समजायचं, धागा तुटला. तुटल्यावर चालवलं तर कापडात विरळ वाट पडते. मग तुह्या बापानं काय करावं? त्यांनी हवेत डाव्या चिमटीत काहीतरी धरलं, आणि उजव्या हाताचं बोट आणि अंगठा आपल्या जिभेला लावला. ओली चिमूट धाग्याच्या टोकाला नेऊन पीळ दिला. हात खाली आला. त्यांच्या चेहऱ्यावर बदल झाला नाही, जणू पदर सारखा केला.

“अर्ध्या विदर्भाच्या बायांनी तुह्या बापाची थुंकी नेसली,” त्या म्हणाल्या. “सणावाराले. हळदीकुंकवाले.”

भारतीताई हसली नाही. ती त्या बोटांकडे बघत होती. आईने सूप पुन्हा मांडीवर घेतलं तरी ती तिथेच, आईच्या ओठांपाशी बघत होती, जिथे बोटं क्षणभर टेकली होती. तिथे नळी असती तर.

“तुले हे माहीत नव्हतं?” कुसुमावतीबाईंनी विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, “तुले कुठून माहीत राहीन. तू मागाच्या खाली बसून राहत होती. तुले पायच दिसत होते.”

आणि आज, नेमके पायच तिने पाहिले नव्हते.

*

दुसऱ्या दिवशी मेट्रोत ती नेहमीसारखी डोळे मिटून बसली, पण पलंगांकडे गेली नाही. ती एक वाक्य जुळवत होती. सर, काल तुम्ही म्हणत होता ना. पुढे काही सुचेना. काल सर जे म्हणाले होते ते याच्या अगदी उलट होतं, आणि ते तीनजणांनी ऐकलं होतं. झाशी राणी चौक गेला, शंकरनगर आलं, वाक्य काही जुळलं नाही.

डॉक्टर गौरांग खिडकीपाशी उभे राहून चहा घेत होते. ती समोर जाऊन उभी राहिली.

“सर, मला वाटतं, भैयाजींचे हात सोडून एकदा त्यांचा श्वास बघावा. दुपारच्या आधी.”

मला वाटतं. नागपुरात आल्यापासून हे दोन शब्द तिने या खोलीत एकत्र वापरले नव्हते. डॉक्टरांनाही ते जाणवलं असावं, कारण त्यांनी कप खाली ठेवला.

“कालच्या प्रकारानंतर?”

“काल माझं अर्धं बरोबर होतं.”

मग तिने उरलेलं अर्धं सांगितलं. पाय थांबणं, ओली चिमूट, जीभ. सांगताना तिचा हात आपोआप तोंडाकडे गेला. डॉक्टरांनी त्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, आमचे आजोबा कचेरीत होते, फायलीची पानं ते अशीच उलटायचे. आजीने ओला स्पंज आणून दिला होता डबीत, तर स्पंजाला बोट लावून मग जिभेलाही लावायचे.

हा त्यांचा होकार आहे की नुसती आठवण, हे तिला कळेना. ते पुढे म्हणाले, ते सगळं ठीक, पण बसणार कोण? दुसरी सिस्टर माझ्याकडे नाही.

“मुलगा बसेल.”

“नातेवाइकांची वेळ संध्याकाळची आहे.”

“हो, सर. आणि गळ्याचं तुम्ही दुपारी करणार.”

ते हसले. मग हसू थांबवून त्यांनी आपलं म्हणणं मांडलं. दुपारपर्यंत वेळ देतो. श्वास जमला नाही, तर गळ्याचं ठरल्याप्रमाणे होईल आणि मग वाद नको. नळी ओढून निघाली तर ती पुन्हा घालणं या वयात सोपं नसतं, हे तुम्हालाही माहीत आहे. मी या खोलीबाहेर जाणार नाही. ती म्हणाली, मलाही तेच हवंय.

वैभवला आत बोलावलं तेव्हा त्याला वाटलं, वाईट काही घडलं. तो दारातच थबकला. भारतीताईने त्याला हात धुवायला लावले, डॉक्टरांच्या खोलीतली खुर्ची आणून पलंगाला लावली, आणि कशासाठी हे सांगितलं. ऐकता ऐकता तो बापाच्या मनगटावरच्या पट्टीकडे बघत होता. रोज संध्याकाळी तो ती पट्टी बघून जायचा. त्याने कधी विचारलं नव्हतं, त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

“बाबा बोट चाटतच होते,” तो म्हणाला. “मी शेजारी धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत बसो. मले किळस येये.” आणि जरा थांबून, “एवढ्यासाठी बांधले?”

भारतीताई ‘हो’ म्हणाली. तिने त्याच्या हातात पाण्याची वाटी दिली, वाटीत कापसाचा बोळा. म्हणाली, हातांकडे बघू नको. पायांकडे बघ. बघत बसायला जमेल ना? तो म्हणाला, प्लांटमध्ये मी तेच करतो, ताई. मीटरचा काटा पायत बसाचं. हललेला नाही म्हणून पगार भेटते.

झोपेचं औषध बंद केलं. व्हेंटिलेटरची मदत अगदी कमी, नावापुरती ठेवली. भारतीताईने दोन्ही पट्ट्या सोडल्या, गुंडाळून खिशात घातल्या, आणि आपल्या दुसऱ्या पलंगाकडे गेली. जावंच लागलं, तिथल्या बाईंना कूस बदलून हवी होती.

भैयाजी हळूहळू वर येत होते, विहिरीच्या तळातून कोणी दोराने ओढावं तसे. आधी पाय आले. मग दोरीचा झटका. मग डावा हात, या वेळी मोकळा, थेट छातीपर्यंत. त्यांचा स्वतःचा श्वासही त्याच ठेक्यात पडला, झटक्याला आत, ठोक्याला बाहेर. यंत्राचा वेगळा ठेका आता नव्हता. यंत्र त्यांच्या मागे मागे चाललं होतं. भारतीताईला पाठ वळवूनही ते ऐकू येत होतं. बाईंना धरून उभी असताना तिला वाटलं, या खोलीची फरशी काढली तर खाली खड्डा सापडेल आणि त्यात पाय सोडून कोणीतरी बसलेलं असेल.

पाय थांबले.

वैभव उठला. हात उचलला जाऊन वळायच्या आधीच त्याने ओला बोळा बापाच्या चिमटीला लावला. बोटं क्षणभर गोंधळली. ओठांपाशी जायचं होतं, आणि ओल तर आधीच मिळाली होती. डॉक्टर गौरांग एक पाऊल पुढे आले. मग बोटांनी ती ओल घेतली, खाली गेली, हवेत कुठेतरी दोन टोकं शोधली आणि पीळ दिला. डावा पाय दाबला गेला. माग सुरू झाला.

असे पुष्कळ धागे तुटले त्या सकाळी. वैभव म्हणाला, बाबांचा एवढा धागा कधी तुटत नव्हता, सूत खराब दिसते. भीमाबाई म्हणाल्या, त्याले कापूस पायजे तर माह्या पोछ्यातला घे म्हणा. एकदा बोळा उशिरा पोचला. बोटं नळीला लागली, तिथेच थांबली. नळी अशी ओळखीची नसलेली वस्तू मागावर कुठून आली, हे चाचपत राहिली, आणि वैभवने “बाबा, इकडे” म्हटल्यावर वळली. भारतीताई तेव्हा तिसऱ्या पलंगापाशी होती. तिने हे पाहिलं आणि तिथून हलली नाही. तिला पळावंसं वाटलं होतं. पण खुर्चीत माणूस होता.

दुपार व्हायच्या आत भैयाजींनी डोळे उघडले. हात छातीवर ठेवून ते छताकडे बघत राहिले, काम संपवून आडवा झालेला माणूस बघतो तसे. डॉक्टरांनी त्यांना नाव घेऊन हाक मारली, मान उचलायला सांगितली, हात दाबायला सांगितला. त्यांनी सगळं केलं. श्वास त्यांचा होता, आणि पुरत होता. डॉक्टरांनी मॉनिटर पाहिला, मग भारतीताईकडे पाहिलं आणि विचारलं, काय करू या?

“काढू या,” ती म्हणाली.

नळी काढली. ते खोकले, पुष्कळ खोकले. भारतीताईने तोंड पुसलं, मास्क लावला. वैभव वाटी धरूनच उभा होता. ती खाली ठेवायची हे त्याच्या ध्यानात नव्हतं. भैयाजींची नजर फिरत फिरत त्याच्यावर आली, मग वाटीवर गेली. मास्कच्या आतून, कोरड्या सुतासारख्या आवाजात त्यांनी विचारलं,

“कांडी भरली का गा?”

“भरून राहिलो, बाबा,” वैभव म्हणाला.

गळ्याचं रद्द झालं. भैयाजी पुढे वॉर्डात गेले आणि मग मौद्याला. आयसीयूत मोठा काही फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी त्या पलंगावर नवा पेशंट आला आणि त्याचे हात बांधले गेले. भारतीताईनेच बांधले. तिच्याकडे तीन पलंग होते आणि खुर्ची डॉक्टरांच्या खोलीत परत गेली होती.

एक मात्र झालं. संध्याकाळी नातेवाईक आत यायला लागले की ती आता दारात उभी असते आणि प्रत्येकाला एक गोष्ट विचारते. यांचे हात काय काम करायचे? लोक आधी गोंधळतात. त्यांना वाटतं, आणखी कुठली माहिती भरून द्यायची राहिली. मग आठवू लागतात. कोणाचे हात शिवणयंत्रावर असायचे, कोणी आयुष्यभर बस चालवलेली. एका बाईंनी नवऱ्याकडे बघत विचार केला, फार विचार केला, आणि म्हणाल्या, टीव्हीचा रिमोट. भारतीताईने तेही ऐकून घेतलं. त्या माणसाचा अंगठा दुपारभर चादरीवर कशाला दाबला जात होता, ते तिला कळलं.

एका संध्याकाळी डॉक्टर गौरांग तिथून जाताना थांबले. मधल्या पलंगावरच्या बस ड्रायव्हरच्या बायकोला त्यांनी विचारलं, आज थोडा वेळ इथे बसाल का? आणि खुर्ची आणायला स्वतःच आपल्या खोलीकडे वळले.